दलपतचा नाका

दलपत गावितला घाईतला माणूस आवडत नाही. कोणी घाईत आला की तो त्याला आधी खाटेवर बसवतो, पाणी देतो, मग त्याच्या गावाची, आईबापाची, बैलांची, पावसाची चौकशी करतो, आणि एवढं सगळं झाल्यावर तुम्ही कशासाठी आलात असं विचारतो. तोवर त्या माणसाची घाई उतरलेली असते, आणि पुष्कळदा तो कामही विसरलेला असतो. मी त्याचा जुना दोस्त असल्यामुळे माझी अशी विसरलेली कामं बरीच आहेत.

यात दोष त्याचा अर्धाच. उरलेला अर्धा त्याच्या घराण्याचा. नवापूरहून गुजरातकडे निघालं की हद्दीच्या अलीकडे डाव्या हाताला एक रस्ता डोंगराकडे वळतो. त्या वळणावर महूचं जुनं झाड आहे, आणि तीच दलपतच्या गावाची शीव. गावात लग्नाचं वऱ्हाड आलं की ते सरळ आत शिरत नाही. महूखाली थांबतं. गावच्या वतीने एक माणूस तांब्या घेऊन पुढे जातो, पाणी देतो, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची नावं मोठ्याने घेतो, विडीकाडी होते, थोडी थट्टामस्करी होते आणि मग तो बाजूला सरकून वाट मोकळी करतो. तोवर नवरदेवाला उभंच राहावं लागतं, मग तो कलेक्टर का असेना. हा शिवेचा मान पिढ्यान्‌पिढ्या दलपतच्या घराकडे आहे. त्याचा आजा ख्रिस्ती झाला तेव्हा गावाने विचार केला, आता मान कोणाला द्यायचा? आज्याने सांगितलं, मी देव बदलला आहे, तांब्या नाही. मान तिथेच राहिला, फक्त शेवटी एक छोटी प्रार्थना वाढली. दलपतच्या काळात ती छोटी राहिली नाही.

अशा माणसाच्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर सरकारने हद्दीचा नाका बांधला. आता यावर काय बोलायचं! ज्याच्या घराण्याचं कामच मुळी येणाऱ्याला थांबवणं, त्याच्या दारात सरकारने सगळ्या देशाचे ट्रक आणून थांबवले. दलपतने महूच्या बाजूला पत्र्याची लांबलचक शेड घातली, दहा-बारा खाटा टाकल्या आणि चहा, भजी, नागलीची भाकर, लाल चटणी असं हॉटेल सुरू केलं. त्याच्या शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. मी नवल. नाक्यावर एका कागदाच्या इतक्या प्रती लागत की माझं मशीन गरम होऊन बंद पडायचं, आणि ते थंड होईपर्यंत गिऱ्हाईक दलपतकडे चहा प्यायचं. दोघांचंही उत्तम चाललं होतं.

ट्रकची रांग कधी कधी पार वळणाच्या मागे जायची. ड्रायव्हर तिथेच आंघोळ करत, दाढी करत, स्टोव्हवर डाळ शिजवत. एका खिडकीवरचा शिक्का मिळाला की दुसऱ्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असायचा. दलपत रांगेतून तांब्या घेऊन फिरायचा. शहाद्याकडची पपई, केळी रांगेतच पिकून जात, तेव्हा तो ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून हळहळायचा आणि नासकी केळी गावच्या गुरांसाठी घेऊन जायचा. सरकारला तो शिव्याही देत असे, पण अगदी प्रेमाने. रांग कमी असली की त्याचा चेहरा उतरलेला दिसायचा.

मग देशात सगळीकडे एकच कर आला, नाक्यावरच्या खिडक्या बंद होत गेल्या, उरलासुरला जो काही कारभार होता तोही हळूहळू कॉम्प्युटरात गेला, आणि एके दिवशी आमचा नाका उठला. मी मशीन उचललं आणि नवापूरला बस स्टँडसमोर गाळा घेतला. आता मी लोकांचे अर्ज ऑनलाइन भरतो. एक बटण दाबलं की काम होतं, म्हणजे पूर्वीच्या मानाने अगदीच भिकारडं काम. पण दलपत कुठे जाणार? त्याची शीव थोडीच उचलता येते? तो रिकाम्या खाटांवर बसून जाणारे ट्रक बघायचा. जुने ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न देत, हात करत आणि निघून जात. त्याला ते फार लागायचं. पाणी न पिता माणसं जातातच कशी, असं तो मला पुन्हापुन्हा विचारायचा.

नाक्याचं लोखंडी सामान भंगारात निघालं. त्यात तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब दांडा होता, मागच्या टोकाला वजन बांधलेला, दोरी सोडली की खाली येणारा. एकदा मी गेलो तर दलपत आणि त्याचा जावई दानियल तो दांडा महूजवळ दोन दगडी खांबांत बसवत होते.

"हाई कसाले ली उना भाऊ?" मी विचारलं. बाजारात आम्ही अहिराणीतच बोलतो, त्याच्या घरात मावची चालते.

"बिचारं इतला वरीस उभं ऱ्हायनं. आते भंगारमा कसं जाऊ दिसू?" दलपत म्हणाला. "वऱ्हाड उनं की थांबाडाले चांगलं शे."

दानियल काही बोलला नाही. तो घरजावई. घरजावयाने सासऱ्यापुढे बोलायचं नसतं, असं दलपतचं मत आहे आणि दानियलने ते कधी तपासून पाहिलेलं नाही.

आता दलपतच्या पोरीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. प्रिस्किला. बापाने जेवढी सावकाशी घेतली, तेवढी घाई देवाने तिला दिली. चालते तरी पळाल्यासारखी. दर वर्षी दिवाळी झाली की ती आणि दानियल कोयता घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जात. त्यांची पोरगी लहान, तिलाही बरोबर न्यायचे. पोरीची शाळा दिवाळीपर्यंत, मग पावसाळ्यापर्यंत उसाच्या पाचटाचं खोपटं, म्हणजे कोपी. मागच्या हंगामात पोरगी कोपीत तापाने फणफणली आणि दवाखाना लांब होता. पोरगी वाचली. पण प्रिस्किलाने परत आल्यावर सांगून टाकलं की पुढच्या वर्षी मी जाणार नाही. न जाऊन खाणार काय, याचं उत्तर तेव्हा तिच्याकडे नव्हतं.

उत्तर नाल्यापलीकडे होतं. प्रिस्किलाच्या मामाचं गाव नाल्यापलीकडे, म्हणजे गुजरातेत. माती तीच, पाणी तेच, माणसं एकमेकांची सोयरी. पण मामाच्या गावात सगळे भेंडी लावत. तिकडच्या भाजी निर्यात करणाऱ्या पॅकहाउसची गाडी शेतापर्यंत यायची, भेंडी निवडून थंड खोलीत जायची आणि तिथून विमानाने परदेशात. मामाने पक्कं घर बांधलं होतं. इकडे आमच्या गावात पॅकहाउसवाले पूर्वी फिरकत नसत. मधे नाका, त्यांच्या गाडीला कागद, मालाला वेगळा कागद, परदेशाच्या दाखल्यासाठी शहरात खेटे, आणि भेंडी तर सकाळी तोडलेली दुपारी काळी पडायला लागते. कशाला कोण नाला ओलांडेल?

नाका उठल्यावर ते आले. शेताची नोंद मोबाईलवर झाली, परदेशी जाणाऱ्या मालाचा दाखलाही त्यांना पूर्वीसारख्या दहा दारांत न हिंडता एकाच ठिकाणी मिळू लागला. नोंद मीच करून दिली. सगळं इतक्या लवकर झालं की माझी मलाच लाज वाटली, म्हणून मी प्रिस्किलाला उगाचच दोन झेरॉक्स काढून दिल्या. तिने बायकांचा गट जमवला, पावसात भेंडी लावली आणि बापाची ओस पडलेली शेड निवडण्याच्या कामाला घेतली. खाटा बाहेर, क्रेट आत. पॅकहाउसच्या साहेबाने सांगितलं होतं की भेंडी बोटाएवढी, कोवळी, टोक मोडलं तर कट्कन मोडणारी हवी. आणि नव्या गावाला गाडी पाठवत नाही, माल तुमच्या गाडीने अकराच्या आत पॅकहाउसच्या गेटवर हवा. उशीर झाला तर विमान चुकतं.

इकडे ऊसतोडीला माणसं नेणारा गोकुळ मुकादम येऊन बसू लागला होता. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, पण तो आला की गावातल्या बायका घरात जातात. "मंग कोयता लिखू ना?" असं तो प्रत्येक दारात विचारायचा; कोयता म्हणजे तोडीला जाणारं एक जोडपं. प्रिस्किलाने त्याला थांबायला सांगितलं होतं. भेंडी गेली तर ती राहणार होती, नाही गेली तर नाव लिहून देणार होती. दलपतला हे माहीत होतं, आणि नात शाळेतून आली की तो तिचं दप्तर स्वतः उचलायचा, इतका त्या पोरीत त्याचा जीव.

तर पहिली गाडी भरली तो दिवस. पहाटेपासून बायका लांब बाह्यांचे शर्ट घालून शेतात होत्या, कारण भेंडीची लव अंगाला खाजते. माल सुंदर होता. गावातल्या पवनची पिकअप क्रेटांनी भरली, वर ओली गोणपाटं टाकली, प्रिस्किला पुढे बसली आणि गाडी वेळेत निघाली. महूपाशी आली तर लाल-पांढरा दांडा खाली.

दांड्यापुढे दलपत उभा होता. स्वच्छ पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात घासून लख्ख केलेला तांब्या. मागे गावचे पाच-सहा म्हातारे.

"बा, दांडा उचल," प्रिस्किला मावचीत म्हणाली.

"उचलतो की," दलपत म्हणाला. "पण आपल्या गावचा माल पहिल्यांदा शिवेबाहेर चालला आहे. आणि कुठे? परदेशात. पोरगी सासरी निघाली तर तिला कोणी नुसती जाऊ देतं का?"

आता याच्यावर गावात कोणीही काही बोलू शकत नाही. शिवेवर दलपतचा शब्द. पवनने हॉर्न दिला तर म्हाताऱ्यांनी त्याला खाली उतरवून पाणी पाजलं. दलपतने म्हाताऱ्यांची नावं घेतली, मग त्यांच्या बापांची घेतली. मग कळलं की प्रार्थनेसाठी शेजारच्या गावचे पास्टर यायचे आहेत आणि त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली आहे. ते येईपर्यंत चहा झाला. मीही तिथे होतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचा चहा फार चांगला जमला होता. पास्टर आले. त्यांनी आधी बायकांसाठी प्रार्थना केली, मग जमिनीसाठी, मग पवनच्या गाडीच्या चारही चाकांसाठी, मग विमानासाठी आणि शेवटी, जी माणसं ही भेंडी खाणार आहेत त्यांच्या पोटासाठी. सगळ्यांचे डोळे मिटलेले. फक्त प्रिस्किलाचे उघडे होते, आणि ती गोणपाटांकडे बघत होती. गोणपाटं वाळत चालली होती. दानियल गाडीच्या मागे उभा राहून मुठी वळत होता, पण घरजावई.

गाडी पॅकहाउसला पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं.

माल परत आला. नवापूरच्या बाजारात थोडा खपला, बाकीचा गावात वाटला. गावाने आठवडाभर भेंडी खाल्ली. भाजीत भेंडी, डाळीत भेंडी, पाहुण्याच्या ताटातही भेंडीच. मी गेलो तर मलाही पिशवी भरून दिली, आणि मला घ्यावी लागली. पॅकहाउसच्या साहेबाने फोनवर सांगितलं की माल चांगला होता म्हणून आणखी एकदा बघतो. पुन्हा उशीर झाला तर तुमच्या गावाचं नाव काढून टाकीन.

त्या संध्याकाळी मी दलपतच्या ओट्यावर होतो. त्याची बायको सोनीबाई चुलीपाशी होती, भेंडी चिरत. दलपत म्हणत होता की उशीर काय, जरासाच तर झाला, पूर्वी नाक्यावर लोक दोन-दोन दिवस थांबायचे. प्रिस्किला बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं.

"बा," ती म्हणाली, "मामाच्या शेतात आणि आपल्या शेतात काय आहे? एक नाला. इतकी वर्षं त्यांची भेंडी विमानात बसली आणि मी उसाच्या ट्रकमध्ये बसले. का? मधे नाका होता म्हणून. सरकारने तो उठवला. आणि मग तू जाऊन तिथे बसलास."

सोनीबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "नातीचं दप्तर उचलून काय होतं? दिवाळीनंतर कोण उचलणार?"

दलपत उठला आणि महूकडे चालत गेला. मला त्याची कीव आली, आणि रागही आला. या माणसाने आयुष्यभर कोणाचं वाईट केलं नव्हतं, फक्त थांबवलं होतं. आणि थांबवण्यानेही कोणाचं काही नासतं, हे त्याला नासक्या केळ्यांनी सांगितलं होतं, तेव्हा त्याने ती गुरांना घातली होती.

दुसऱ्या गाडीच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. दांडा वर होता. नुसता वर नव्हता, दलपतने तो नायलॉनच्या दोरीने महूच्या फांदीला गच्च बांधला होता, आणि तेवढ्यावर भरवसा नाही म्हणून दोरीचं दुसरं टोक स्वतः धरून उभा होता. मागच्या वेळच्या चहाची आठवण ठेवून म्हातारे आले होते. त्यांना त्याने लांब, रस्त्याच्या पार पलीकडे बसवलं. शेळ्यांचा कळप आला, तो थांबवला. दूधवाला आला, तो थांबवला. ट्रॅक्टर थांबवला. पास्टर आले तर त्यांनाही हात करून कडेला घेतलं.

"गाडी येऊ दे, एक छोटी प्रार्थना करू," पास्टर म्हणाले.

"करा, पण मनात," दलपत म्हणाला. "आणि आत्ताच उरकून घ्या."

पास्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू सगळ्या तालुक्याचा धर्म बुडाला. पण त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले.

धूळ दिसली. पवनची पिकअप शेताकडून उतरत आली. पण पवनला मागची आठवण होती, त्याने महू दिसताच सवयीने ब्रेक लावला आणि गाडी बरोबर दांड्याखाली येऊन उभी राहिली. त्याने खिडकीतून पाण्यासाठी हातही पुढे केला. दलपतच्या कपाळाची शीर उठली.

"थांबस कसाले!" तो ओरडला. "चाल! चाल ना भो!"

मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण शिवेवर त्याच्या तोंडून 'चाल' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पवन इतका दचकला की गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत दलपत, दानियल, दूधवाला आणि पास्टर असे चौघे मागून ढकलत होते. दानियल ढकलता ढकलता सासऱ्याला म्हणाला, "बा, बाजूला हो, तुझ्याने होत नाही." घरजावई बोलला! दलपतने ऐकलं आणि तो बाजूलाही झाला. गाडी सुटली. तांब्यातलं पाणी त्याने चालत्या चाकावर फेकलं, ते निम्मं पास्टरांच्या पायावर पडलं. प्रिस्किलाने खिडकीतून मागे वळून पाहिलं. ती हसत होती की रडत होती ते धुळीत दिसलं नाही, पण बापाला ती जोरात हात करत होती.

मग तो खाटेवर बसून राहिला. शेळ्या सोडायचं विसरला, शेवटी त्या आपणहून गेल्या. फोन वाजला तेव्हा त्याने तो माझ्याकडे सरकवला. प्रिस्किला म्हणाली, "नवलकाका, बाला सांगा, माल आत गेला. साहेब म्हणतो, आता एक दिवसाआड आणा."

त्यानंतर गाडी एक दिवसाआड जाते. आणखी तीन पाड्यांच्या बायकांनी भेंडी लावली आहे, शेडमध्ये आता क्रेट मावत नाहीत. पॅकहाउसचे लोक माल बघायला येतात, तेव्हा चहा दलपतकडेच पितात. नाका होता तेव्हाच्या गल्ल्याशी याची तुलना करून तो कधीमधी कुरकुरतो, पण मनापासून नाही. मी बस स्टँडवरून नोंदी करतो. गावागावांतून माणसं येतात आणि एका बटणात जातात. कोणी बसत नाही म्हणून मलाही वाईट वाटतं, ते मी दलपतला सांगत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी असाच त्याच्याकडे बसलो होतो. गोकुळ मुकादम मोटारसायकलवर आला. दलपत उठला, फांदीची दोरी सोडली, आणि लाल-पांढरा दांडा सावकाश खाली आणला.

"काय दलपतभाऊ, मन्हाकरता फाटक?" गोकुळ हसला.

"बठ गोकुळभाऊ. पानी पी."

दलपतने त्याला सगळा मान दिला. पाणी दिलं, विडी दिली, आईची चौकशी केली, बैलांची केली, पावसाचं बोलणं झालं. गोकुळने दलपतच्या वडिलांचं नाव घेतलं, दलपतने गोकुळच्या वडिलांचं घेतलं. काही राहिलं नाही. मग गोकुळ उठला आणि मोटारसायकलवर बसून दांडा वर जायची वाट बघू लागला.

दांडा वर गेला नाही.

"पानी व्हई गयं ना भाऊ?" दलपत म्हणाला. "मंग आते आठेनच फिरी जाय. औंदा मन्ही पोर उसले जास नही."

गोकुळने त्याच्याकडे पाहिलं, मग शेडमधल्या क्रेटांकडे पाहिलं. तो भांडला नाही. "बरं व्हयनं भाऊ," असं म्हणाला आणि त्याने गाडी वळवली. तिचा आवाज पार हद्दीकडे जाऊन विरेपर्यंत दलपत दोरी धरून उभा होता. मग त्याने दांडा वर नेऊन बांधला. शाळा सुटून नात रस्त्याने येत होती, दप्तर पाठीवर घेऊन, आणि तिला पाहून तो मटकन खाटेवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. ते मी त्याला दिलं.